हंगामाआधी ॲपची तपासणी : किती गिऱ्हाइके पेलतील?

कापडाच्या धंद्यात नमुना न धुता माल उचलणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही. कापड दिसते कसे यावर भाव ठरतो. पण ते आटते किती, रंग सोडते की नाही, ताण दिला तर कधी फाटते, यावर व्यापाऱ्याची पत ठरते. प्रयोगशाळेत कापडाची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरून फाटेपर्यंत ओढतात आणि तो आकडा लिहून ठेवतात. हे सारे आम्ही तीस वर्षे पाहत आलो. तरी कॉम्प्युटरचा माल विकत घेताना ही साधी गोष्ट विसरलो आणि त्याची किंमत मोजली. तो तजुर्बा व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

काय घडले?

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या होलसेल दुकानासाठी मोबाइलवर ऑर्डर घेणारे ॲप बनवून घेतले. बनवणाऱ्याने ते दुकानात आणून एका फोनवर चालवून दाखवले. बोट लावताच पान उघडले. आम्ही खूश होऊन शेवटचा हप्ता दिला.

पुढे ईदचा हंगाम आला. "आज रात्री ९ वाजता नवा माल ॲपवर खुला होईल," असा निरोप आम्ही सर्व किरकोळ दुकानदारांना पाठवला. ९ वाजून ५ मिनिटांनी ॲप अडकले. कुणाची ऑर्डर दोनदा नोंदली गेली, तर कुणाचे पैसे कापले गेले पण ऑर्डर नाही. फोन रात्री बारापर्यंत वाजत राहिले. पैसे आम्ही आठवड्यात परत केले, हिशेबही मिटवले. पण दोन जुनी गिऱ्हाइके त्या हंगामात दुसऱ्या दुकानी गेली, ती अजून पूर्ण परतलेली नाहीत.

बनवणारा म्हणाला, "तुमच्याकडे गर्दी जास्त झाली." तेव्हा राग आला. आता वाटते, चूक दोघांची होती. किती माणसे एकाच वेळी येतील हे त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

मोठ्यांचीही हीच गत

६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डे' हा सेल ठेवला. सुमारे ५ हजार सर्व्हर आणि २० पट गर्दीची तयारी असूनही संकेतस्थळ कोलमडले आणि संस्थापकांना गिऱ्हाइकांची लेखी माफी मागावी लागली. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी सरकारचे आरोग्य विम्याचे संकेतस्थळ सुरू झाले. एका वेळी ५० ते ६० हजार माणसे येतील असे धरले होते. अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार अडीच लाख आली. पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. म्हणजे प्रश्न फक्त पैशाचा नाही, अंदाजाचा आणि तपासणीचा आहे.

आधी गर्दीचा हिशेब

लोड टेस्टिंग म्हणजे भाराची तपासणी. किती भार, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. जॉन लिट्ल या अमेरिकन प्राध्यापकांनी तो १९६१ साली सिद्ध केला : दर मिनिटाला किती गिऱ्हाइके आत येतात आणि प्रत्येक जण किती मिनिटे थांबतो, यांचा गुणाकार केला की एका वेळी आत किती माणसे असतात ते कळते.

समजा, तासाभरात ६०० दुकानदार ॲपवर येतात आणि प्रत्येक जण ६ मिनिटे माल पाहतो. मिनिटाला १० जण, गुणिले ६. म्हणजे एका वेळी ६० माणसे. पण त्यांतील ३०० जण पहिल्या १० मिनिटांतच आले तर? मिनिटाला ३०, गुणिले ६, म्हणजे १८०! ॲप तयार हवे ते या १८० साठी, ६० साठी नव्हे. आमचा घात इथेच झाला.

तपासणीचे चार प्रकार

अपेक्षित गर्दी सोडून पाहणे ही लोड टेस्ट. ॲप मोडेपर्यंत भार वाढवत नेणे ही स्ट्रेस टेस्ट. आपली कापडाची पट्टी फाडण्यासारखीच. एकदम लोंढा सोडणे ही स्पाइक टेस्ट. मध्यम भार कित्येक तास चालू ठेवणे ही सोक टेस्ट. तासाभरात न दिसणारा दोष रात्रभरात दिसतो. छोट्या व्यापाऱ्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी.

साधन फुकट, मेहनत आपली

ॲपॅची जेमीटर नावाचे साधन १९९८ पासून आहे. ते मोफत आहे आणि जावा असलेल्या साध्या कॉम्प्युटरवर चालते. आमच्या पुतण्याने त्यावरच तपासणी केली. आम्ही बाजूला बसून पाहिले.

त्यात 'थ्रेड' म्हणजे एक काल्पनिक गिऱ्हाईक. १०० थ्रेड आणि १०० सेकंदांचा 'रॅम्प-अप' ठेवला तर दर सेकंदाला एक गिऱ्हाईक आत येते. प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्यावे आणि दोन पानांमध्ये काही सेकंदांचा थांबा ठेवावा, कारण खरे गिऱ्हाईक माल पाहते, विचार करते. पान आले, पण त्यावर हवा तोच मजकूर आहे का, हेही तपासायला लावावे. नाहीतर 'क्षमस्व'चे पानसुद्धा यशात मोजले जाते. मांडणी खिडकीत करावी, पण खरी तपासणी कमांड लाइनवरून चालवावी. नाहीतर तक्ते काढण्यातच कॉम्प्युटरची ताकद जाते.

सरासरीला भुलू नका

समजा, १०० ऑर्डरींपैकी ९० एका सेकंदात झाल्या आणि १० ना २१ सेकंद लागले. सरासरी निघते ३ सेकंद! कागदावर छान दिसते. पण ते १० दुकानदार तोवर ॲप बंद करून गेले. म्हणून ९५ टक्के ऑर्डरी किती सेकंदांच्या आत झाल्या, ते विचारावे. आणि चुकीच्या उत्तरांचे प्रमाण वेगळे पाहावे.

आमच्या तपासणीत १० गिऱ्हाइकांपर्यंत सारे सुरळीत होते, ५० ला ॲप रेंगाळले आणि शंभराच्या आसपास मोडले. कारणे दोन निघाली. मालाचे फोटो मूळ आकारातच चढवलेले होते, आणि मालाच्या यादीला इंडेक्स नव्हता. म्हणजे एक डिझाइन शोधायला प्रत्येक वेळी गोदामातला तागा न् तागा उलगडावा तसे. दोन्ही दुरुस्त्या मोठा सर्व्हर न घेता झाल्या. दर वेळी एकच बदल करून पुन्हा तपासले, म्हणून कशाने फरक पडला ते कळले.

सावधगिरी

तपासणी चालू ॲपवर करू नये, त्याच्या वेगळ्या नकलेवर करावी. पण नकलेत माल खऱ्याइतकाच भरावा; ५० डिझाइनांवर वेगाने धावणारे ॲप २० हजारांवर धापा टाकते. पैसे भरण्याची सोय चाचणीच्या पद्धतीवर ठेवावी आणि ओटीपीचे संदेश बंद करावेत, नाहीतर प्रत्येक संदेशाचे बिल आपल्यालाच येते. सर्व्हर देणाऱ्याला आधी कळवावे. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर हा प्रयोग कधीही करू नये. तो हल्ला समजला जातो आणि कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची वेळ येते.

करारात लिहून घ्या

आमचा आग्रह एवढाच की, ॲप बनवायला देतानाच कागदावर लिहावे : "एका वेळी १८० गिऱ्हाइके असताना ९५ टक्के ऑर्डरी ३ सेकंदांत नोंदल्या गेल्या पाहिजेत, एकही ऑर्डर दोनदा नोंदली जाता कामा नये, आणि तपासणीचा अहवाल पाहूनच शेवटचा हप्ता मिळेल." आकडे ज्याने त्याने आपल्या धंद्यानुसार ठरवावेत. हंगामाच्या निदान महिनाभर आधी तपासणी व्हावी, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.

गेल्या हंगामात रात्री ९ वाजता आम्ही पुन्हा माल खुला केला. ॲप चालले. फोन मात्र एकच वाजला. गेलेल्या दोनपैकी एका जुन्या गिऱ्हाइकाने सुती मालाचा भाव विचारला. ऑर्डर त्यांनी अजून दिलेली नाही. आम्ही नमुना पाठवला आहे, धुऊन पाहा म्हणून.