कडेवरची पोरं

पहाटे ४.४५

झऱ्यावर ताईंच्या पुढे चार हंडे आहेत. झरा म्हणजे खडकातली कपार. वाटी बुडवायची, हंड्यात ओतायची, थांबायचं. पाझरलं की पुन्हा वाटी. एक हंडा भरायला दहा मिनिटं. मे सरत आला की पंधरा.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीला यायचं. तिथून जीप जाते तिथवर जीपने, पुढे पायी. तिथला हा पाडा. ताई इथल्याच सून आणि इथल्याच अंगणवाडी सेविका. दोन हंडे घरचे, एक अंगणवाडीचा. मदतनीस मावशी आणखी दोन आणतात. पाणी भरणं मदतनिसाच्या कामात लिहिलेलं आहे. चढ कुठेच लिहिलेला नाही.

सकाळी ६.१०

भाकरी थापून, पोरांची झाकून ठेवून ताई बाहेर पडतात. अंगणवाडी आठची. त्याआधी पाड्याला एक फेरी.

आमचुराचे दिवस आहेत. दारोदार कैऱ्यांचा ढीग, भोवती बायका. साल काढायची, फोडी करायच्या, कोय बाजूला टाकायची, फोडी उन्हात पसरायच्या. साल काढलेला पांढरा आमचूर व्यापारी चढ्या भावाने घेतात. सालीसकटचा, काळपट पडलेला, पडेल त्या भावाने. वळवाची एक सर आली की आठवड्याची मेहनत काळी पडते. म्हणून हात थांबत नाहीत.

ताई आमचुराकडे बघत नाहीत, सुऱ्यांकडे बघतात. बाई पाण्याला उठली की सुरी तशीच ढिगावर, आणि रांगतं पोर तिथेच.

"वहिनी, सुरी टोपलीखाली."

"आत्ताच ठेवली, ताई."

"मग आत्ताच उचला."

पुढच्या घरी दोन वर्षांच्या पोराच्या ओठांभोवती काळे चट्टे. कैरीचा चीक. भाजल्यासारखी कातडी झाली आहे. ताई साबण मागतात, तोंड धुतात, खोबरेल लावतात. मग आजीला दाखवतात. देठ मोडायचा, कैरी पालथी ठेवायची, चीक गळू द्यायचा, धुवायची, मग पोराच्या हातात. आजीला हे चांगलं माहीत आहे. पण रोज एवढ्या कैऱ्यांतून एक कैरी कोण पालथी ठेवत बसणार?

फोडी खडकांवर पसरतात. वाऱ्याने फडकं उडू नये म्हणून कडेला दगड. दगडाखाली विंचू. पोरं दगड उलटतात, तो त्यांचा खेळच आहे. ताई काठीने दगड हलवायला शिकवतात. विंचू चावला की थेट दवाखाना, हे पाड्यात आता बहुतेकांना पटलं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची गोळी रुळवली. ती गोळी असते दवाखान्यात. तिच्यापर्यंत पोचायला आधी जीप लागते.

८.००

अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली. मावशींनी पत्र्यावर पळसाच्या डहाळ्या टाकल्या आहेत. पाणी शिंपडलं असतं, पण कुठलं? नऊपर्यंत आत बसता येतं, नंतर महूच्या झाडाखाली.

दारात माठ. ताईंनी मोलगीच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने आणलेला, दीडशे रुपयांचा. पाण्यात औषधाचे थेंब टाकून अर्धा तास झाकलेला. त्यावर लांब दांड्याचं ओगराळं. माठात हात बुडवायचा नाही, एवढा एकच नियम इथे मार खाण्याच्या लायकीचा समजतात. मार मात्र कोणाला बसत नाही.

पटावर ३१ मुलं. आज २२ आली. बाकीची आईबरोबर डोंगरात असतील. शिवाय सात पोरं अशी आहेत की पटावर नाहीत. ही २२ मधल्या कोणाची तरी भावंडं. सहा महिने ते सहा वर्षं, एवढंच अंगणवाडीचं वय. त्याच्या वरची शाळेची. आणि शाळेला सुट्टी लागली की शाळेची खिचडीही सुट्टीवर.

यातली एक आठ वर्षांची मुलगी. कडेवर भाऊ, बोटाला बहीण. कडेवरचा पटावर, बोटाची पटावर. ही दोघांना घेऊन अर्धा डोंगर उतरून आली. ही उंबऱ्याबाहेर बसते. कोणी बसवलं नाही, आपणहून.

८.४५

कडेवरचा भाऊ १४ महिन्यांचा. घर चारच दिवसांपूर्वी गुजरातेतून परतलं, ऊसतोडीवरून. ऑक्टोबरात गेलं होतं. उचल फिटून हातात काय राहिलं, हे इथे कोणी कोणाला विचारत नाही.

काटा तुळईला टांगलेला, खाली कापडाची झोळी. पोर झोळीत घातलं तरी रडत नाही. ताईंना हे आवडत नाही. रडणारं पोर बरं, त्या म्हणतात. काटा थरथरतो, थांबतो. सहा किलो आठशे. ऑक्टोबरची नोंद बघतात. सहा किलो नऊशे. म्हणजे एवढा ऊस तोडून झाला आणि हा शंभर ग्रॅमने उतरला.

मग दंडघेर. डावा हात. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत मोजायचं, मधोमध पेनाने ठिपका. हात सैल सोडायचा. पट्टी ठिपक्यावरून फिरवायची, कातडीला चिकटेल इतकीच. ओढली तर आकडा खोटाच कमी येतो, ढिली सोडली तर खोटाच जास्त. ताई दोनदा मोजतात. खिडकीत ११.२ दिसतं. साडेअकराच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. लाल.

दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरतात, सोडतात. खड्डा राहत नाही. सूज नाही, हे एक बरं. अंगाला हात लावला तर ऊन. जुलाब आहेत का?

"कालपासून," मुलगी सांगते.

"आईला बोलव."

आई येते, हाताला कैरीचा वास, बोटं काळी. भूक तपासायची असते. पोषण आहाराची पेस्ट आईच्या बोटाने भरवायची, जबरदस्ती करायची नाही, बघत राहायचं. पोर एकदा चाटतं. मग तोंड फिरवतं. पुन्हा बोट, पुन्हा तोंड फिरवतं. तिसऱ्यांदा ओठ मिटून घेतं.

भूक असती तर इथेच, पाड्यावरच्या बाल विकास केंद्रात खाऊ घालून वजन वाढवता आलं असतं. ताप आणि जुलाब आहेत, भूक मेली आहे. आता मोलगीचा दवाखाना आणि पुढे पोषण पुनर्वसन केंद्र. साधारण १४ दिवस, आईने सोबत राहायचं.

"चौदा?" आई म्हणते, आणि दाराबाहेर खडकांकडे बघते.

ताई वाद घालत नाहीत. सलाईनचं पाकीट काढतात. इथे ओआरएसला सलाईनच म्हणतात.

१०.००

मावशींनी अंडी पातेल्यात सोडली आहेत, अजून कच्ची. तळाला आडवी पडली ती ताजी. उभी राहिली ती आजच संपवायची. तरंगलं ते लांब नेऊन पुरायचं, नाहीतर कुत्रं आणि पोर दोघंही उकरतात. मे महिन्यात बाजारातून ट्रे आणायचा म्हणजे उन्हाचा आणि खड्ड्यांचा असा दुहेरी हिशोब. आज दोन फुटकी, एक तरंगतं. अंडं सात रुपयांना पडतं. फुटक्याचे कोणी देत नाही.

डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आठवड्यात चार दिवस पोरांना अंडं किंवा केळं. गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं गरम जेवण, भाकरी, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू. आज पाच जणी येतात. दोघी डबा भरून नेऊ का विचारतात. नाही म्हटलं की हसतात. डबा घरी गेला की तो कोणाकोणाच्या तोंडी लागतो, हे मावशींना ठाऊक, त्यांनाही ठाऊक. इथेच बसून खायचं.

पोरांची खिचडी, अर्धं अंडं आधी, अर्धं शेवटी. उंबऱ्याबाहेरच्या सात जणांना अंडं नाही. मोजून आलेलं असतं. खिचडी मात्र मावशी वाढतात. डाळीत एक तांब्या पाणी जास्त पडलेलं आहे, एवढंच. तपासणीला आलेल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, खिचडी पातळ का. मावशी म्हणाल्या, उन्हाळा आहे, पातळच बरी.

११.१५

आशाताई, म्हणजे पाड्याच्या आशा स्वयंसेविका, येतात. पायात प्लॅस्टिकच्या चपला, डोक्यावर पदर, पिशवीत थर्मामीटर, झिंक, सलाईनची पाकिटं. त्यांचं गणित वेगळं, बरंचसं कामागणिक पैसे. दोघी मिळून जुलाबाची तीन घरं करतात.

पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं टाकायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं नाही. लिटर कसं मोजायचं? घरात तांबे आहेत, पण दोन तांबे सारखे नाहीत. म्हणून आशाताई लिटरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून ठेवतात. बाजारात टाकलेल्या, घासून धुतलेल्या. पाकिटाबरोबर बाटली फुकट. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. झिंकची गोळी चमच्यात विरघळवून, जुलाब थांबले तरी १४ दिवस. ही गोळी निम्मी घरं चौथ्या दिवशी विसरतात. आशाताई दाराच्या कुडावर कोळशाने १४ रेघा मारतात आणि म्हणतात, रोज एक खोडा.

चौथ्या घरी दोन महिन्यांचं बाळ. आजी चमच्याने पाणी पाजते आहे.

"एवढ्या उन्हात त्याचा घसा नाही का सुकत?"

"सुकतो. मग सुनेला बोलवा," ताई म्हणतात. "दुधात पाणीच असतं, आजी. सहा महिन्यांपर्यंत दुसरं पाणी नको."

सून डोंगरात, कैऱ्या झोडायला. आजी चमचा खाली ठेवते. आम्ही वळलो की पुन्हा उचलेल असं मला वाटतं. तिने तरी काय करावं?

१.३०

खाली तळोदा-शहाद्याला पारा ४२-४३ च्या घरात. इथे थोडं कमी, पण पत्र्याखाली तो फरक कळत नाही. ताई स्वतःच्या ओसरीत रजिस्टरं घेऊन बसतात. लसीकरण, वजनं, आहार, स्थलांतर, गृहभेटी. मध्येच उठून स्वतःच्या कैऱ्या परततात. मानधन ऑक्टोबर २०२४ मध्ये दहा हजारांवरून तेरा झालं, मदतनिसाचं साडेपाच हजारांवरून साडेसात. त्यावर प्रोत्साहन भत्ता. "आमचूर सोडण्याइतकं नाही झालं," ताई म्हणतात, आणि कडेची फोड मधे सरकवतात.

४.००

सकाळपासून ताईंचा जीव ज्या जागेत अडकला आहे, तिथे आता जायचं. ओढ्याचा डोह. उन्हाळ्यात बाकी ओढा वाळू, पण कड्याखालचा डोह पुरुषभर खोल. दुपारी पोरांना दुसरं सुचणार तरी काय? पाड्याने ठरवलं आहे, चारला म्हातारे गुरं पाजायला नेतात, तेव्हाच पोरांनी उतरायचं. आधी नाही. ठरवायला काय कारण घडलं होतं, ते ताई सांगत नाहीत. मी दोनदा विचारून सोडून दिलं.

आता मजा आहे. म्हशी एका अंगाला, पोरं दुसऱ्या. कड्यावरून उडी, वर येऊन शिंकरणं, पुन्हा उडी. आठ वर्षांची ती मुलगीही आली आहे. भाऊ आईपाशी, बहीण काठावर वाळूत. मुलगी गळ्यापर्यंत पाण्यात उभी. पोहत नाही, खेळत नाही. नुसती उभी. कडेवर कोणी नाही.

५.२०

रेंजची टेकडी. पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप उघडायला वीस मिनिटांचा चढ. ताई दगडावर उभ्या राहून फोन डोक्यावर धरतात. वजनं जातात. एक नोंद फिरत राहते, फिरत राहते, जाते. तेवढ्यात मोलगीला फोन लागतो. खाट रिकामी आहे, आणा.

६.३०

ताई त्या घरी. बाप, आई, आजी, चुलती, सगळे अंगणात. पोर खाटेवर. अर्धी बाटली सलाईन पोटात गेलं आहे, लघवी झाली आहे. आईने ती वेळ लक्षात ठेवली आहे, न विचारता सांगते.

"बुडीत मजुरी मिळते," ताई म्हणतात.

"कधी?"

"खात्यावर येते. लगेच नाही."

"आमचूर लगेच येतो," बाप म्हणतो. तो रागाने बोलत नाही.

मग बोलणं आमचुरावर जातं आणि तिथेच सुटतं. चुलती म्हणते, कापलेला मी वाळवते, झाडावरचा निम्मा माझा. आजी म्हणते तिसरा हिस्सा. बराच वेळ हे चालतं. निम्म्यावर ठरतं. मधली अंगणवाडीत येईल. मोठीला आई सोबत नेऊ म्हणते, तिथे पोर कोण धरेल? बाप म्हणतो, मग इथे पाणी कोण आणेल? मोठी खाटेच्या पायाशी बसून दोघांकडे बघते.

"मोठी राहू दे," ताई म्हणतात. "धरायला तिथे नर्स आहेत. आणि पाणी तुम्ही आणा, दादा."

जीपवाल्याचा फोन लागत नाही. ताई आपल्या मोठ्या मुलाला निरोप देऊन पिटाळतात. सकाळी सात. पुढची सीट, तापलेल्या पोराला मागे दहा जणांत कोंबायचं नाही. पन्नास मागेल, पन्नासच द्यायचे. बाईच्या मांडीवरच्या पोराचे वेगळे नाहीत, म्हणून सांग.