ब्रोमीनचा पंचनामा

डब्लिनच्या उत्तर भागातील आर्टेन या वस्तीत ‘स्टारडस्ट’ नावाच्या नृत्यगृहाला १४ फेब्रुवारी १९८१ च्या उत्तररात्री लागलेल्या आगीत अठ्ठेचाळीस तरुण माणसे मृत्युमुखी पडली. आणि तब्बल त्रेचाळीस वर्षांनी, २०२४ च्या एप्रिलात, ज्युरीने या सर्व मृत्यूंना बेकायदेशीर वध ठरवले, तेव्हा आग फैलावण्याच्या कारणांत आसनांत भरलेल्या पॉलियुरेथेन फोमचीही रीतसर नोंद झाली. खनिज तेलापासून निपजलेले हे बहुवारिक पदार्थ मुळात ज्वालाग्राही असतात, हे जाणूनच आयर्लंडने १९९५ च्या हुकुमान्वये घरगुती फर्निचरला पेटती सिगरेट आणि काडीची ज्योत यांच्या कसोट्या लावल्या. आणि त्या कसोट्यांना उतरण्याचा सोपा व स्वस्त मार्ग म्हणून कारखानदारांनी ज्वालारोधक रसायनांचा, विशेषतः ब्रोमीनयुक्त संयुगांचा, मुक्तहस्ते वापर केला.

या संयुगांचे कार्य मोठे चतुराईचे आहे. उष्णता लागताच त्यांतून हायड्रोजन ब्रोमाइड मोकळा होतो आणि ज्वलनाची साखळी ज्यांच्या बळावर पुढे सरकते त्या हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मूलकांना गाठून त्यांचा जोर मोडतो. परंतु डेकाबीडीईसारखी द्रव्ये प्लॅस्टिकमध्ये केवळ मिसळलेली असतात, रासायनिक बंधाने जखडलेली नसतात. त्यामुळे ती कालांतराने घरच्या धुळीत उतरतात, प्राणिमात्रांच्या चरबीत साठतात आणि सहजासहजी नष्ट होत नाहीत. म्हणूनच टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने २००९, २०१३ आणि २०१७ साली अशी एकेक द्रव्ये आपल्या प्रतिबंधित यादीत दाखल केली.

बंदीचा हुकूम काढला, तरी आधी विकलेली आसने, पडदे, दूरचित्रवाणी संचांच्या पेट्या आणि भिंतींतील पॉलिस्टायरीन एका दिवसात नाहीशी होत नाहीत. ती वर्षानुवर्षांनी कचऱ्यात येतात, आणि त्या कचऱ्यापासून पुन्हा प्लॅस्टिक करावे की तो जाळून टाकावा, हा प्रश्न उभा राहतो. युरोपीय कायद्याने त्यासाठी एका किलोमागे १००० मिलिग्रॅमची मर्यादा घातली होती. २०२२ च्या सुधारणेने ती ५०० वर आणून पुढे आणखी कमी करण्याचे ठरवले. मर्यादा मात्र ब्रोमीनची नव्हे, नामनिर्देशित संयुगांची आहे, आणि सारी अडचण येथेच आहे.

ही अडचण सोडवण्याचा एक नेटका प्रयत्न गॉलवे येथील विद्यापीठाच्या मेरी कॉगिन्स आणि बर्मिंगहॅम विद्यापीठाचे स्टुअर्ट हॅरॅड यांच्या चमूंनी आयर्लंडच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या साहाय्याने केला. २०१५-१६ च्या सुमारास त्यांनी देशातील कचरा-केंद्रांतून फर्निचरचा फोम, कापड, मोटारींची आसने, विद्युत उपकरणे आणि उष्णतारोधक पत्रे यांचे पाचशेहून अधिक नमुने गोळा केले. आवारातल्या आवारात पहिली झडती हातात धरण्याजोग्या क्ष-किरण यंत्राने घेता येते. पण ते यंत्र ब्रोमीन आहे एवढेच सांगते, ते कोणत्या संयुगाचे हे सांगत नाही, आणि त्यामुळे परवानगी असलेल्या द्रव्यावरही संशयाचा ठपका येऊ शकतो.

निर्णायक साक्ष द्यायची ती मास स्पेक्ट्रोमीटरने. नमुन्याचा लहानसा तुकडा द्रावकात ध्वनिलहरींनी हलवून त्यातील ज्वालारोधक बाहेर काढतात, आणि ज्याच्या कार्बनला जड समस्थानिकाची ओळखखूण आहे असे त्याच संयुगाचे मोजके प्रमाण त्यात घालतात, म्हणजे वाटेत काही गळाले तरी हिशेब चुकत नाही. मग अर्क गरम वायूच्या प्रवाहात बारीक नळीतून जातो, निरनिराळी संयुगे निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात, आणि पोकळीत इलेक्ट्रॉनांचा मारा होऊन त्यांचे आयन व तुकडे बनतात, जे यंत्र वस्तुमान आणि विद्युतभार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळे करते.

ब्रोमीनने येथे आपली सही स्वतःच करून ठेवली आहे. निसर्गात त्याचे ७९ आणि ८१ वस्तुमानाचे दोन समस्थानिक जवळजवळ समसमान आढळतात; त्यामुळे एक ब्रोमीन असलेला रेणू दोन सारख्या उंचीच्या रेषा दाखवतो, दोन ब्रोमीनचा १:२:१ अशा तीन, तीन ब्रोमीनचा १:३:३:१ अशा चार. छंदःशास्त्रातील लघुगुरूंचे प्रकार मोजण्यासाठी आपल्या पूर्वजांनी जो मेरुप्रस्तार मांडला, त्याच्याच ओळी या आलेखावर उमटतात. दहा ब्रोमीन वागवणाऱ्या डेकाबीडीईचा अकरा रेषांचा पुंजका ९५९ च्या आसपास दिसतो, आणि दोन ब्रोमीन गळालेला, नऊ रेषांचा, ७९९ पाशी. हे दोन पुंजके योग्य वेळी व योग्य प्रमाणात एकत्र आढळले, की संशयाला जागा उरत नाही.

तथापि सर्वांना एकच शिरस्ता लागू पडत नाही. पॉलिस्टायरीनच्या पत्र्यांत व आसनांच्या कापडात पूर्वी वापरले गेलेले एचबीसीडी हे ज्वालारोधक तापवले की साधारण १६० अंशांपुढे त्याचे आल्फा, बीटा व गॅमा हे प्रकार एकमेकांत बदलू लागतात आणि आणखी उष्णतेने रेणूच मोडतो. म्हणून त्याला थंड द्रवाच्या प्रवाहातून नेतात, ६४० च्या जवळपासचा त्याचा ऋण आयन निवडून मुद्दाम फोडतात, आणि त्यातून निसटणारा ब्रोमाइड मोजतात.

या दुहेरी तपासातून आयर्लंडमधील संशोधकांना दिसले, की हातातील यंत्र चुकते ते बहुधा अतिसावधपणाच्या बाजूने. म्हणजे फाटकावर वेगळे काढण्याचे काम त्याच्यावर सोपवता येते, मात्र वादग्रस्त ढिगाचा निवाडा प्रयोगशाळेतच व्हावा. हा निवाडा टाळला, की काय होते याचे उदाहरण युरोपच्या बाजारातच मिळाले: जुन्या विद्युत उपकरणांच्या काळ्या प्लॅस्टिकमधील प्रतिबंधित ज्वालारोधके पुनर्वापराच्या वाटेने स्वयंपाकघरातील उपकरणांत येऊन पोहोचलेली आढळली.

आगीपासून माणसाला वाचवण्याचा हेतू निःसंशय योग्य होता. उणीव राहिली ती दप्तरात. कोणत्या वस्तूत कोणते द्रव्य किती घातले याची नोंद वस्तूबरोबर ठेवली नाही, म्हणून आज प्रत्येक जुन्या आसनाची जबानी महागड्या यंत्रापुढे घ्यावी लागते. आता बंदी घातलेल्या द्रव्यांच्या जागी नवी ज्वालारोधके येत आहेत, आणि त्यांच्याबाबतीत तरी ही नोंद कारखान्यातच सक्तीची करणे हे कायद्याचे पहिले कर्तव्य आहे.