दाखल्याची वाट न पाहता

दुसरी-तिसरीच्या कोणत्याही वर्गात वह्यांचा गठ्ठा चाळला, की त्यात एक वही हमखास सापडते. 'पर्वत'चे 'परवत', 'प्रकाश'चे 'परकाश', एकाच पानावर एकच शब्द तीन वेगळ्या प्रकारे लिहिलेला. पंचवीस लिहायला सांगितले तिथे 52. खोडरबर इतका घासलेला, की कागदाला भोक पडलेले. खाली लाल शाईत शेरा : 'लक्ष देऊन लिहावे.' याच मुलाला तोंडी विचारा, तो परिसर अभ्यासातले सगळे सांगतो. गोष्ट सांगायला उभे केले तर वर्ग गप्प बसून ऐकतो. पालकसभेत मात्र त्याच्या आईला ठरलेले वाक्य ऐकायला मिळते, ''हुशार आहे हो, पण आळशी आहे. घरी जरा बसवत जा.'' आई घरी रोज दोन तास बसवते आणि पोराला पुस्तक दिसले की पोटात दुखायला लागते.

या मुलाला अध्ययन अक्षमता असू शकते. तिचे वाचनाशी निगडित रूप म्हणजे डिस्लेक्सिया. 2007 साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याबरोबर एक गैरसमजही पोहोचला, की उलटी अक्षरे दिसणे म्हणजेच डिस्लेक्सिया. पहिलीतली कितीतरी मुले काही दिवस अक्षरे उलटी काढतात आणि सरावाने ती सवय जाते. डिस्लेक्सियातली खरी अडचण बहुतेक वेळा ध्वनी आणि अक्षर यांच्या जोडणीत असते. ऐकलेला शब्द आवाजांत फोडायचा, प्रत्येक आवाजाला त्याची खूण लावायची, हे काम इतरांना सरावाने जमते. या मुलाला त्यासाठी दरवेळी कष्ट पडतात. बुद्धीत कमतरता नसते, डोळ्यांत दोष नसतो, आळसाचा तर संबंधच नाही. उलट इतरांच्या दुप्पट मेहनत करून ते मूल दमलेले असते.

मराठीत हे मूल कुठे अडखळते, हे शिक्षकाला नेमके ठाऊक असायला हवे, कारण या विषयावरची बरीच माहिती इंग्रजी वाचनावर बेतलेली आहे. आपल्याकडे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि उच्चार मात्र अक्षरानंतर होतो. 'किती' वाचताना डोळा आधी वेलांटीवर पडतो, जिभेला आधी 'क' हवा असतो. 'र' तर चार ठिकाणी चार रूपे घेतो : 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये दांडीला, 'राष्ट्र'मध्ये पायाशी, 'सुऱ्या'मध्ये आणखी निराळा. 'ख' सुटा पडला की 'रव' वाचला जातो. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांची गल्लत होते. वही नीट पाहिली तर चुका कुठेही विखुरलेल्या नसतात, त्यांना ठिकाणे असतात. लाल शेरा मारण्याआधी ती ठिकाणे मोजली, तर काय शिकवायचे ते त्याच वहीतून कळते.

आता कायद्याकडे येऊ. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते 21 केले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि तिच्यावर उपाय करणे, ही जबाबदारी हा कायदा शाळेवर टाकतो. अडचण पुढे आहे. या अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षापासून, म्हणजे तिसरीच्या सुमारास मिळते. ते वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. त्याआधी खरी अक्षमता आणि शिकण्यातला साधा उशीर यांत फरक करणे अवघड असते. पण त्याचा अर्थ शाळांमध्ये भलताच लावला जातो. ''आधी दाखला आणा, मग बघू,'' असे पालकांना सांगितले जाते. पहिली आणि दुसरी, वाचनाचा पाया घालायची ही दोन वर्षे, त्या कागदाची वाट पाहण्यात जातात. परीक्षेत जादा वेळ हवा असेल, लेखनिक हवा असेल, तर प्रमाणपत्र लागते. वर्गात जवळ बसवून हळूहळू शिकवायला कोणाच्याही सहीची गरज नाही. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे.

पहिली पायरी अगदी साधी आहे : कान आणि डोळे तपासून घेणे. सतत सर्दी होणाऱ्या, कान फुटणाऱ्या मुलाला काही आवाज नीट ऐकूच येत नाहीत आणि ते 'लक्ष देत नाही' ठरते. फळ्यावरचे न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत बघते आणि 'कॉपी करते' ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्यातले वैद्यकीय पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत येऊन मुले तपासते आणि गरज असलेल्यांना पुढे पाठवते. पथक आले त्या दिवशी ते मूल गैरहजर असेल, तर शिक्षकाने त्याचे नाव लिहून ठेवावे आणि आईवडिलांना घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठायला सांगावे. एवढ्याने काही मुलांचा प्रश्न तिथेच सुटतो.

ज्यांचा सुटत नाही, त्यांच्यासाठी वर्गात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फारसा खर्च येत नाही. ताटात रवा किंवा वाळू पसरून त्यात बोटाने अक्षर गिरवायचे, गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. हात, कान आणि डोळा एकाच वेळी कामाला लागतात. 'कमळ' शब्दाला तीन टाळ्या वाजवायच्या, मग मधली टाळी गाळली तर काय उरते ते विचारायचे. लग्नपत्रिकेच्या जाड कागदात एका ओळीएवढी खिडकी कापायची आणि ती पुस्तकावर ठेवून वाचायचे, म्हणजे पानभर अक्षरांची गर्दी दिसत नाही. जोडाक्षरे एकदम दहा न देता रफाराचे चार शब्द आठवडाभर घ्यायचे. फळ्यावरून उतरवून घेण्यात या मुलाची सगळी ताकद संपते, तेव्हा त्याला तेवढा मजकूर कागदावर लिहून द्यावा आणि उत्तर तोंडी घ्यावे. सगळ्या वर्गासमोर प्रकट वाचनाला त्याला अचानक उभे करू नये; वाचायचा उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवला, की घरी तयारी करून ते मूल ताठ मानेने वाचते. शुद्धलेखनाच्या वीस चुकांपैकी दोनच दाखवाव्यात, दुसऱ्या दिवशी पुढच्या दोन.

यातली गंमत अशी, की या गोष्टी सगळ्या वर्गालाच उपयोगी पडतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. विधिमंडळापर्यंत थट्टा पोहोचली. डॉ. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. 'त्रेसष्ट', 'त्र्याण्णव' अशा जोडाक्षरी नावांनी मुले गोंधळतात, 'साठ तीन' म्हटले की लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम एक होतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हतीच. ज्याच्या वहीत पंचवीसचे 52 होते, त्याच्या बाजूने विचार करणारा तो बदल होता आणि माझ्या मते तो बरोबर होता. 'एकोणतीस' म्हणताना तिसाचे नाव घ्यायचे आणि लिहायचे मात्र दोनावर नऊ, यातली अडचण आपल्याला जाणवत नाही, कारण आपण ती लहानपणीच पार केलेली असते.

विशेष गरजा फक्त अक्षरांच्या नसतात. ऐकायला कमी येणाऱ्या मुलासाठी शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलणे थांबवले तरी फरक पडतो. स्वमग्न मुलाला अचानक झालेला बदल सहन होत नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला आणि आज कवायत नाही हे सकाळीच सांगितले, तर त्याचा दिवस निभावतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला शाळेच्या दारात उतरण असते, स्वच्छतागृहाला मात्र दोन पायऱ्या. मग ती दिवसभर पाणी पीत नाही. उतरण कुठवर गेली आहे, हे पाहायचे असते.

एकट्या शिक्षकावर हे सगळे टाकणे अन्यायाचे आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता सांभाळणारी बाई किंवा गुरुजी किती पुरे पडणार? म्हणून विशेष शिक्षक हवेत. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सांगितले. आपल्याकडे हे शिक्षक गट साधन केंद्रातून तालुकाभर फिरत आले, वर्षानुवर्षे त्यांनी कंत्राटावर काम केले. एका वाडीवर पुन्हा फेरी येईपर्यंत मूल मागचे विसरलेले असते. विशेष शिक्षकाने आल्यावर मुलाला बाजूला नेऊन तासभर शिकवण्यापेक्षा वर्गशिक्षकाला पुढच्या फेरीपर्यंतचे काम आखून द्यावे, त्यातून जास्त साधते.

काही मुलांना विशेष शाळाच योग्य असते, हेही मोकळेपणाने म्हणायला हवे. पुण्याची 'कामायनी' आणि नाशिकची 'प्रबोधिनी' यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कित्येक वर्षे जे काम केले, ते साध्या शाळेला सहज जमणारे नाही. कायद्यानुसार 6 ते 18 वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा यांतली निवड करता येते. ही निवड कुटुंबाची आहे. 'याला इथे जमणार नाही' असे सांगून प्रवेश नाकारण्याची मुभा कायद्याने शाळेला दिलेली नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यात असाल तर पुढच्या बैठकीत विचारा : आरोग्य पथक यंदा कधी आले, कोणाकोणाला पुढे पाठवले आणि ती मुले खरोखर दवाखान्यात पोहोचली का? विशेष शिक्षकाची फेरी कधी असते? समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक बालकामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंतची तरतूद आहे, आपल्या शाळेच्या मुलांना त्यातून काय मिळाले? आणि पहिली-दुसरीतली जी मुले वाचनात मागे आहेत, त्यांची यादी आजच करायला सांगा.