रस्त्याचा विक्रम आणि कामांची साखळी

अमरावती-अकोला महामार्गावर राजपथ इन्फ्राकॉनने ३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरीकरणास प्रारंभ केला आणि ७ जूनला सायंकाळी ५ वाजता ७५ किलोमीटरची मार्गिका पूर्ण केली. १०५ तास ३३ मिनिटांच्या या कामाची गिनेस बुकात नोंद झाली. ३६ हजार ६३४ टन डांबरमिश्रण, म्हणजे ताशी सुमारे ३४७ टन, अंथरण्यात आले.

अशा वेगासाठी कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे आधी निश्चित करावे लागते. नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये या संबंधाचा परिचित प्रकार म्हणजे 'आधीचे संपल्यावर पुढचे सुरू'. खालचा थर तयार झाल्याशिवाय वरचा अंथरता येत नाही. दुसरा प्रकार 'आधीचे सुरू होताच, थोड्या अंतराने पुढचे सुरू'. पेव्हरच्या पाठोपाठ रोलर फिरलाच पाहिजे. अन्यथा मिश्रण थंड होऊन दबाई नीट होत नाही. हा संबंध पहिल्या प्रकाराने नोंदविल्यास वेळापत्रक अकारण लांबते. मुळीच न नोंदविल्यास एका कामाचा विलंब पुढील तारखांत दिसतच नाही.

ज्या साखळीतील एका दिवसाचा विलंब संपूर्ण प्रकल्प एक दिवस लांबवितो, ती निर्णायक साखळी. वऱ्हाडात ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही. तेथे एक दुवा निसटला, तर काम पावसाळ्यापलीकडे जाऊ शकते.