बंधारा भरला, तरी विहीर कोरडी का?

म्हसवड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. म्हणून ओढ्यावर बंधारा घालून पाणी अडवतात. ते जमिनीत मुरते आणि जवळच्या विहिरींना पाझर फुटतो. पण पुराबरोबर आलेला बारीक गाळ तळाशी बसला की पाणी वर दिसते, खाली मुरत नाही. ते उन्हाने आटते आणि फाल्गुनातच बायांना हंडे घेऊन लांब जावे लागते.

बुजलेल्या विहिरी इसहाकाने पुन्हा खणल्या (उत्पत्ती 26:18). आपल्या सेवेतल्या वस्तीजवळच्या बंधाऱ्यातला गाळ आम्ही पावसाळ्याआधी काढणार आहोत; शेतकरी तो आपल्या रानात नेतील. आज नव्या बंधाऱ्यापेक्षा यंत्राच्या डिझेलची गरज मोठी आहे. त्यासाठी दान द्या, प्रार्थनेत आमची आठवण ठेवा.