टाकीचा पाईप : बारा इंची की अठरा?

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "फ्लशच्या टाकीचा पाईप द्या." किती इंची, हे त्याला ठाऊक नसते आणि पुष्कळदा दुकानदारही विचारत नाही. हाताला लागेल तो पाईप दिला जातो.

माल किरकोळ खरा. पण आपल्या किनाऱ्यावर कितीतरी घरांचे धनी आखातात नोकरीला आहेत आणि घरे महिनोन्‌महिने कुलूपबंद असतात. मागे पाईप फुटला तर गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी घरात वाहत राहते. पंप आपोआप सुरू होणारा असला तर विहिरीचेही पाणी त्यात जाते!

बाजारात 12, 18, 24 व 36 इंची पाईप मिळतात. काही पाकिटांवर हेच माप 300, 450, 600, 900 मिलिमीटर असे छापलेले असते. माप घ्यायला पट्टीपेक्षा सुतळी बरी. अँगल कॉकच्या तोंडापासून टाकीच्या तोंडापर्यंत ती सैल वळणाने धरावी आणि मग मोजावी. टाकीचे तोंड कॉकच्या उलट बाजूला असेल तर सुतळीही टाकीखालून तशीच फिरवावी; इथेच बहुतेकांचे माप चुकते.

सरळ अंतर 11 इंच भरले तर 12 इंची पाईप बसतो, पण ताणून बसतो. तो ताण नटावर आणि वायसरवर येतो व पुढे तिथेच गळती लागते. अशा जागी 18 इंचीच द्यावा. दोन आखूड पाईप निपल घालून जोडण्याची युक्ती आम्हाला पसंत नाही. एका पाईपाला गळायच्या जागा दोन, जोडल्यावर चार.

मग सरसकट 36 इंची का देऊ नये? कारण जास्तीचा पाईप फरशीवर लोळतो. संडास धुण्याचे ॲसिड त्याच्यावर उडते. ते आणि आपली खारी हवा मिळून स्टेनलेस स्टीलची जाळीसुद्धा खातात. जाळी तुटली की आतली नळी पाण्याचा दाब सोसत नाही, फुगून फुटते. नटापाशी पाईप मुरडला तरी गत तीच.

कारागीर बांधवांनी नट आधी हाताने घट्ट करावा, मग पान्ह्याने पाव फेरा, बस्स. रबरी वायसर असेल तिथे टेफ्लॉन टेपची गरज नाही.

इस्तिंजासाठी लावलेल्या जेटचा पाईप बहुधा एक मीटरचा असतो. पुष्कळजण जेटचा खटका सोडतात आणि कॉक उघडाच ठेवतात. पाणी थांबले असे वाटते, पण पाईपात दाब रात्रंदिवस राहतो. घराला कुलूप लावणाऱ्याने गच्चीवरच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्हच बंद करून जावे.

दुकानदारांना आमची एक सूचना : गल्ल्याशेजारी सुतळीचा गुंडा ठेवा. गिऱ्हाईकाला हातभर तुकडा तोडून द्या आणि माप घेऊन परत यायला सांगा.