हरकतीची कैफियत

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे ज्या भूकंपाने कोयनानगरची घरे जमीनदोस्त केली आणि या परिसरातील सुमारे 180 माणसांचे प्राण हिरावून घेतले, त्याच्या आठवणी पाटण तालुक्यातील वृद्धांकडून ऐकून मी अनेक वर्षे वह्यांत उतरवीत आलो. आणि त्या आठवणींचा ग्रंथ सिद्ध झाल्यावर, 2014 साली, छायाचित्रांसह सबंध ग्रंथाचा स्वामित्वहक्क माझ्या नावे नोंदवावा म्हणून दिल्लीच्या कचेरीत अर्ज गुदरला.

अर्ज पोहोचल्यापासून 30 दिवसांत हरकत न आल्यास आणि तपशिलाविषयी निबंधकांची खात्री पटल्यास नोंद व्हावी, अन्यथा चौकशी व्हावी, ही रीत 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याखालील 1958 च्या नियमांपासून चालत आलेली असून 2013 च्या नियमांतही ती कायम राहिली. ज्यांचा त्या कृतीत हितसंबंध असेल त्यांस अर्जदाराने स्वतः नोटीस द्यावी, असेही हे नियम सांगतात. आणि नेमके तेच माझ्याकडून राहिले होते. ज्या स्नेह्याने माझ्यासमवेत वाड्यावस्त्या हिंडून छायाचित्रे घेतली, त्याला मी अर्जाची वार्ताही दिली नव्हती. मुदतीत त्याची हरकत रुजू झाली, आणि माझे म्हणणे मागविणारे पत्र हाती पडले, तेव्हा प्रथम मला संतापच आला.

परंतु उत्तरासाठी दप्तर सोडून बसलो, तसा तो संताप ओसरला. तारखा घातलेल्या वह्या, खाडाखोडीचे खर्डे, सांगणाऱ्यांची संमतिपत्रे यांवरून निवेदन आणि मांडणी माझी होती हे सिद्ध होत होते. छायाचित्रे मात्र निःसंशय त्याची होती, आणि भूकंपाची हकीकत तर कोणाच्याच मालकीची नव्हती. कैफियतीत मी हे तीन भाग वेगळे केले, प्रत्येक विधानास दाखला जोडला आणि छायाचित्रांवरील दावा सोडला. स्नेह्याने हरकत मागे घेतली व यथावकाश नोंद झाली.

नोंदणीवाचून उल्लंघनाचा दावा चालणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2012 साली एका निर्णयात म्हटले होते. 2021 साली संजय सोया प्रकरणात त्याच न्यायालयाने नोंदणी सक्तीची नाही, असा निर्वाळा दिला. हक्क निर्मितीबरोबरच उपजतो. नोंदवहीतील मजकूर हा त्याचा प्रथमदर्शनी पुरावा होय. म्हणूनच आज वाटते, की त्या प्रमाणपत्रापेक्षा ती कैफियत मला अधिक मोलाची ठरली, कारण स्वतःचे काय आणि दुसऱ्याचे काय, हे तिने माझ्याच हाताने माझ्याकडून लिहवून घेतले. पुढील आवृत्तीत प्रत्येक छायाचित्राखाली माझ्या स्नेह्याचे नाव छापलेले आहे.